'चार पॉइंट कमी करून देतो' म्हणणारी ट्रॅफिक स्कूल: कॅलिफोर्नियातल्या मंडळींनो, जपून

कॅलिफोर्नियात कुठलाही कोर्स केला तरी लायसन्सवरचे पॉइंट, म्हणजे वाहतुकीचे नियम मोडल्यावर रेकॉर्डवर पडणारे दोषांक, कमी होत नाहीत. हे आधीच सांगते, कारण आम्हाला नेमकी हीच थाप मारून लुबाडलं.

माझ्या नवऱ्याला फ्रीमाँटजवळ ८८० महामार्गावर वेगाचं तिकीट मिळालं. मर्यादा ताशी ६५ मैलांची, गाडी ७८ वर. एका पॉइंटचं प्रकरण. तिकीट मिळालेल्या चालकांना करता येणारा कोर्स म्हणजे ट्रॅफिक स्कूल. तो ऑनलाइन शोधताना एक वेबसाइट दिसली. सर्व राज्यांत मान्य, चार पॉइंटपर्यंत कपात, इन्शुरन्समध्ये सूट, आणि वर सरकारी शिक्क्यासारखं दिसणारं चिन्ह. फी सुरुवातीला अगदी किरकोळ होती. परीक्षा झाल्यावर सर्टिफिकेटचे पैसे वेगळे, ते लवकर हवं तर आणखी वेगळे. हेही आम्ही सोडून दिलं असतं. खरा घात पुढे झाला. कोर्टाला काही कळवायचं का, असं नवऱ्याने त्यांच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं, 'गरज नाही, फक्त दंड भरून टाका, बाकी आम्ही बघतो.'

त्याने दंड भरला आणि केस तिथेच संपली. ट्रॅफिक स्कूलची मागणी न करता दंड भरला की तो गुन्हा मान्य केल्यासारखा होतो आणि पॉइंट थेट रेकॉर्डवर जातो. हे आम्हाला कळलं इन्शुरन्सचं नूतनीकरण आलं तेव्हा. हप्ता एवढा का वाढला म्हणून डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवरून रेकॉर्ड काढलं, तर पॉइंट तसाच. कोर्टातल्या क्लार्कने शाळेचं नाव विचारलं, यादीत पाहिलं. अशी शाळाच नव्हती.

चार पॉइंटची कपात ही न्यूयॉर्कची गोष्ट आहे. तिथे मान्यताप्राप्त कोर्स केला तर लायसन्स निलंबित करायचं का, हे ठरवताना चार पॉइंटपर्यंत वजा धरतात आणि इन्शुरन्सवर तीन वर्षं १० टक्के सूट मिळते. तिथलं खरं उचलून या लोकांनी इथे खपवलं.

इथे ट्रॅफिक स्कूल फक्त एक करते: एका तिकिटाची नोंद इन्शुरन्स कंपनीपासून झाकून ठेवते. १ जुलै २०११ पूर्वी कोर्स केल्यावर तिकीटच रद्द व्हायचं, म्हणून जुनी मंडळी अजून तसं सांगतात. आता नोंद राहते, फक्त गोपनीय होते. ही सोयही १८ महिन्यांत एकदाच, आणि हे महिने आधीच्या तिकिटाच्या तारखेपासून नव्या तिकिटाच्या तारखेपर्यंत मोजतात. त्यासाठी कोर्टाची परवानगी हवी. दंड पूर्ण भरावाच लागतो, वर कोर्टाचं प्रशासकीय शुल्क आणि शाळेची फी. दंडात सूट मिळेल असं कोणी म्हणालं तर तेही खोटं.

शाळा खरी की खोटी हे ओळखणं अवघड नाही. डीएमव्हीच्या साइटवर परवानाधारक ट्रॅफिक स्कूलची यादी आहे. नाव आणि परवाना क्रमांक दोन्ही तिथे जुळवून बघा, कारण नावं एकसारखी ठेवतात. कोर्स पूर्ण झाल्याची नोंद खरी शाळा स्वतःच डीएमव्हीकडे ऑनलाइन पाठवते. नुसत्या पीडीएफचा काही उपयोग नाही.

कोर्सचे पैसे क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केल्यावर परत मिळाले. पॉइंट मात्र तीन वर्षांहून जास्त राहणार. एका पॉइंटने चांगल्या चालकाची २० टक्के सूट जात नाही, पण या काळात दुसरा पडला तर तीही जाईल. माझा नवरा रोज ८८० वरूनच कामाला जातो, त्यामुळे ही धास्ती आता घरात कायमची आहे. आणि वर्षात चार पॉइंट झाले तर लायसन्सवरच गदा येते.

कोणाकडे अशाच साइटचं सर्टिफिकेट असेल आणि कोर्टाने दिलेली मुदत अजून उलटली नसेल, तर आजच क्लार्कला फोन करा. केस बंद झालेली नसेल तर परवानगी घेऊन खऱ्या शाळेत कोर्स करता येईल. त्या चॅटचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा. आमचे पैसे त्याच्याच जोरावर परत आले.