विंडी ॲप : द्राक्षबागेतून अरबी समुद्राकडे पाहताना

अरबी समुद्रात काय शिजते आहे, याकडे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला किनाऱ्यावरच्या माणसाइतकेच लक्ष ठेवावे लागते; कारण ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर छाटणीनंतरच्या नाजूक अवस्थांवरच येतो, आणि वादळ किनाऱ्याला लागले नाही तरी त्याच्यामुळे येणारे ढग आणि दमटपणा डावणी या बुरशीजन्य रोगाला पुरेसा होतो. त्यासाठी मी ‘विंडी’ हे हवामानाचे ॲप वापरतो.

चेक प्रजासत्ताकात २०१४ मध्ये सुरू झालेली ही सेवा मुख्यतः युरोपीय केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचे जीएफएस, जर्मनीचे आयकॉन अशी हवामान अंदाजाची निरनिराळी संगणकीय प्रारूपे एकाच नकाशावर दाखवते. निफाडवर बोट ठेवून तुलनेचा पर्याय उघडला, की या सर्वांचे पाऊस-वाऱ्याचे आकडे एकाखाली एक दिसतात, आणि माझ्या मते ॲपची खरी किंमत याच पडद्यावर आहे. लक्षद्वीपच्या आसपास वाऱ्याच्या रेषा गोल फिरू लागल्या, की खालची वेळेची पट्टी पुढे सरकवत प्रत्येक प्रारूप ते वादळ कोठे नेते, हे पाहावे. ती एकमेकांपासून दूर जात असतील, तर अंदाज अजून पक्का नाही, एवढेच समजावे. जून २०२३ मधील बिपरजॉय चक्रीवादळाच्या मार्गाबाबत सुरुवातीला प्रारूपांमध्ये मोठी तफावत होती. ते अखेर १५ जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकले.

विंडीचा दोष त्याच्या दिसण्यात आहे. नवव्या दिवसाचे चित्रही उद्याच्या चित्राइतकेच रेखीव आणि भडक रंगांचे असते. मग त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आणि दुकानात बुरशीनाशकांसाठी रांग लागते.

म्हणून विंडीच्या जोडीला भारतीय हवामान विभागाचे पत्रक वाचलेच पाहिजे. उत्तर हिंदी महासागरातील वादळांचे अधिकृत इशारे आणि नावे दिल्लीतील त्यांच्याच केंद्राकडून येतात. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरपासून ‘डिप्रेशन’ (कमी दाबाचे तीव्र क्षेत्र), ६२ पासून नाव मिळालेले चक्रीवादळ, अशी त्यांची वर्गवारी ठरलेली आहे, आणि मार्गाभोवती काढलेला अनिश्चिततेचा शंकू, म्हणजे वादळ जिकडे जाऊ शकते तो रुंदावत जाणारा पट्टा, विंडीच्या रंगांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. पत्रकाची भाषा मात्र रुक्ष आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ कमकुवत होत ईशान्येकडे सरकले, तेव्हा नाशिकलाही वारा-पावसाने गाठले. अशा वेळी मात्र दर काही तासांनी निघणारी ही रुक्ष पत्रकेच हाताशी असावीत.

विंडीची विनामूल्य आवृत्ती तीन-तीन तासांचे अंदाज देते, तासातासाचे हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. समुद्रातील हालचाल पाहण्यासाठी विनामूल्य पुरते. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत फवारणी उरकायची असेल, तर हंगामापुरते पैसे भरण्यास माझी हरकत नाही.