आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे: कोनी आयलंड की वाइल्डवुड?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांत हा वाद दर उन्हाळ्यात ठरलेला: न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं कोनी आयलंड की न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाचं वाइल्डवुड? समुद्र, पाळणे आणि फळ्यांचा लांबलचक बोर्डवॉक दोन्हीकडे आहे. आत शिरायला तिकीट नाही, पैसे फक्त राइडचे. न्यू जर्सीच्या बहुतेक किनाऱ्यांवर वाळूत बसायलाही बॅज विकत घ्यावा लागतो, तोही या दोन ठिकाणी नको. त्यामुळे खर्चावरून काही ठरत नाही. आधी एवढंच ठरवा, रात्री घरी परतायचंय की नाही?

परतायचं असेल तर कोनी आयलंड, आणि तेही गाडी घरी ठेवून. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून हेरल्ड स्क्वेअरपर्यंत थोडं चालायचं आणि डी, एफ, एन, क्यू यांपैकी येईल ती सबवे धरायची. चारही स्टिलवेल ॲव्हेन्यूलाच संपतात, म्हणजे स्टेशन चुकायची भीती नाही. दोनेक तास लागतात. ब्रुकलिनमध्ये गाडी बोगद्यातून बाहेर आली की आजोबा खिडकी सोडत नाहीत.

तिथलं खरं आकर्षण जुनं आहे. सायक्लोन हा लाकडी रुळांचा रोलर कोस्टर 1927 पासून धावतोय. पहिलीच घसरण 85 फुटांची, आणि खडखडाट असा की खाली उभ्या माणसाच्याही पोटात गोळा यावा. उंचीची अट 54 इंच. मुलांना घरीच मोजा, नाहीतर रांगेच्या तोंडाशी रडारड होते. वंडर व्हील हा मोठा आकाशपाळणा 1920 चा, 150 फूट उंच. त्याच्या 24 पाळण्यांपैकी 16 आतल्या रुळांवरून मागेपुढे घसरतात, बाकीचे स्थिर. रांगा वेगळ्या असतात. आजीला घेऊन चुकीच्या रांगेत उभे राहिलात तर घरी जाईपर्यंत ऐकावं लागेल! आणखी एक गोम: ही दोन वेगळी पार्कं आहेत, सायक्लोन लूना पार्ककडे, वंडर व्हील डेनोजकडे. एकाचा पास दुसरीकडे चालत नाही.

शाकाहारी माणसाला नेथन्स या हॉटडॉगच्या प्रसिद्ध दुकानात बहुतेक फ्राइजवरच भागवावं लागतं. त्यापेक्षा बोर्डवॉकवरूनच चालत ब्रायटन बीच गाठा. तिथल्या रशियन-युक्रेनियन दुकानांत बटाट्याचे, कोबीचे पिरोश्की (सारण भरलेले पाव) मिळतात. खिम्याचेही असतात, तेव्हा विचारून घ्या. गर्दी, गोंगाट आणि बाथरूमची रांग मात्र गृहीत धरा.

वाइल्डवुडला एका दिवसात जाऊन येणं मला तरी पटत नाही. गार्डन स्टेट पार्कवेवरून जायला दोन तासांच्या वर, शनिवारी त्याहून जास्त. आणि जागेला खरा रंग चढतो दिवे लागल्यावर, नेमकी तुमची परत निघायची वेळ. मुक्काम केलात तर गोष्ट वेगळी. मोरीज पियर्स या मनोरंजन पार्कचे तीन धक्के (पियर), दोन वॉटर पार्क, लहान मुलांसाठी कोनी आयलंडपेक्षा कितीतरी जास्त राइड्स. रोज सकाळी अकराला बोर्डवॉकवर राष्ट्रगीत लागतं आणि सायकलवाल्यांसकट सगळे जागच्या जागी थांबतात.

वाळू इथे इतकी रुंद आहे की पाण्यापर्यंत पोचेस्तोवर ज्येष्ठ मंडळी दमतात. पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी बोर्डवॉकवर पिवळी-निळी ट्रॅमकार आहे. ‘वॉच द ट्रॅमकार, प्लीज’ ही तिची टेप दिवसभर इतकी वाजते की मुलं आठवडाभर तेच म्हणत फिरतात. या ट्रॅम मुळात न्यूयॉर्कच्या 1939 च्या जागतिक प्रदर्शनातल्या. वाइल्डवुडला त्या 1949 मध्ये आल्या. कोनी आयलंडचा पॅराशूट जंपचा मनोरा, जो आता फक्त बघायला उरलाय, तोही त्याच प्रदर्शनातून आलेला.

मोटेल घेताना 1950 च्या दशकातलं निऑन पाट्यांचं, स्वयंपाकघर असलेलं बघा. चहा आणि खिचडीची सोय होते. जुलैच्या वीकेंडला बरेच जण दोन रात्रींपेक्षा कमी बुकिंग घेत नाहीत.

माझं मत विचाराल तर मुलं दहाच्या पुढची आणि पाहुणे चालणारे असतील तर कोनी आयलंड. पाच-सहा वर्षांची पोरं आणि कुरकुरणारे गुडघे असतील तर वाइल्डवुड, पण मुक्कामाला. लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) दोन्हीकडच्या राइड्स मुख्यतः शनिवार-रविवारीच चालतात, तेव्हा आई-बाबा सप्टेंबरात येणार असतील तर आधी वेळापत्रक बघा.