मिठातलं आयोडीन तपासायचं किट: आमच्या घरी काय निघालं बगा

ताई सातव्या महिन्यात माहेरी बेळगावच्या शहापूरला आली आणि पहिल्याच जेवणाला विचारली, "आई, मीठ कुठलं वापरतीस गं?" तिच्या डॉक्टरबाई तिला बजावलेल्या की आयोडीनचंच मीठ खा. आणि आमच्या घरी दीड वर्षापासून ते गुलाबी शेंदेलोण चालू, आईला बीपी आहे, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं की हे बीपीला चांगलं, तेव्हापासून भाजी आमटी सगळं त्याच्यातच. शिवाय मामा कोकणातल्या शिरोड्याहून खडे मीठ आणतात त्याची एक बरणी. म्हणून मी हे किट मागवलो. तीन मेडिकलमध्ये विचारलो, कुठंच नव्हतं, शेवटी ऑनलाइन अडीचशे रुपयाला मिळालं.

आत एक पांढरा कप, टेस्टच्या द्रावणाच्या दोन बारक्या बाटल्या, रीचेकची एक लाल टोपणाची आणि रंगांचा तक्ता. कपात मीठ भरून सपाट करायचं, दोन थेंब टाकायचे, मिनिटभरात रंग तक्त्याशी जुळवायचा. आपल्याकडं मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, द्रावण पडलं की त्यातनं आयोडीन सुटतं आणि द्रावणातला स्टार्च निळा-जांभळा होतो. तक्त्यावर ०, १५, ३० पीपीएम अशी घरं आहेत. १५ पीपीएम म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम, दुकानातल्या मिठात निदान एवढं असलंच पाहिजे असा नियम आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानातनं आणलेलं साधं पाकिटाचं मीठ थेंब पडल्या पडल्या निळं झालं. शेंदेलोण कोरंच्या कोरं. रीचेकचं द्रावण टाकून परत बगितलो, तरी काही नाही. आणि शिरोड्याचं मीठ! मी पैज लावली असती की हे तर गडद निळं होणार, समुद्राचंच मीठ ते. तेही पांढरंच राहिलं. मग वाचलो तेव्हा कळलं, मासे आणि समुद्री शेवाळ आयोडीन साठवतात, पण मिठागरात पाणी आटवून जे मीठ राहतं त्यात ते नावापुरतंच असतं. शिरोडा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, त्या मिठाची चव मला आजही आवडते, पण रोजच्या जेवणाला तेवढंच वापरून भागत नाही हे मान्य करावं लागलं. बीपीचं म्हणाल तर शेंदेलोणही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे साधं मीठच आहे ओ, आईला हे सांगितलो तेव्हा ती गप्पच बसली.

मग वहीत हिशोब मांडलो. आमच्या चौघांना एक किलो मीठ महिनाभर जातं, म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या आसपास. १५ पीपीएम धरलं तर १२० मायक्रोग्रॅम, शिजवताना थोडं उडतं ते वेगळंच. मोठ्या माणसाला रोज १५० लागतं आणि गरोदर बाईला २५०, कारण बाळाच्या मेंदूची वाढ थायरॉइडच्या हार्मोनवर असते आणि ते हार्मोन आयोडीनशिवाय बनत नाही. आणि मीठ वाढवा असंही म्हणता येत नाही, जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आतच खा म्हणते. म्हणजे कमी मीठ, पण आयोडीनचंच मीठ. बाकीचं आयोडीन दूध, अंडी आणि गोवा-कारवारकडनं येणारा बांगडा यातनं मिळतं, बांगडा आमच्याकडं श्रावण सोडून आठवड्यातनं एकदा होतो. पण आता थोडं मीठ आपण बाहेरचंही खातो, फरसाण, खारी, वेफर्स, घरातली सगळी पाकिटं उलटून बगितलो तर नुसतं "मीठ" लिहिलेलं, कुठलं ते कळत नाही.

एक मात्र नीट समजून घ्या, थायरॉइडचा प्रत्येक त्रास आयोडीन कमी पडूनच होतो असं नाही, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटली तरी होतो, तिथं मीठ बदलून गोळी बंद करू नका.

किटचे दोष सांगतो. १५ आणि ३० च्या मधलं काही ओळखू येत नाही, आईला एक रंग दिसला, मला दुसरा. मीठात आयोडीन आहे का नाही एवढं पक्कं कळतं, नेमका आकडा पाहिजे तर लॅबमध्येच तपासावं लागतं. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत, बारीक अक्षरात, मराठी नाही कन्नड नाही, आमच्या भागात आई-काकींनी हे वाचायचं कसं? आणि एका बाटलीचं टोपण सैल होतं, पाव द्रावण पिशवीतच सांडलेलं. म्हणून एक स्टार कमी, पाचातले चार.

एक प्रयोग अजून केलो. गॅसशेजारी उघड्या डब्यात पावसाळाभर ओलावलेलं पाकिटाचंच मीठ तपासलो, रंग आला पण एकदम फिकट. तो डबा आई त्याच दिवशी रिकामा केली. आता घट्ट झाकणाची बरणी चुलीपासनं लांब आहे, मीठ भाजी उतरवताना पडतं, आणि शेंदेलोण वरच्या फडताळात, एकादशीपुरतं. शिरोड्याचं मीठ कैरीच्या लोणच्याला ठेवलंय, मामांना अजून सांगितलेलं नाही.