आधी काय वाचावं: होमर, एडा की गिल्गमेश?

रामायण-महाभारत कानावरून गेलं आहे, आता दुसऱ्यांच्या देवांच्या आणि वीरांच्या कथा वाचायच्या आहेत, तर सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण ग्रीकांचं नाव घेतात. मी थोडं वेगळं सांगेन. पण त्याआधी आपल्याच घरातली एक गोष्ट आठवून बघा.

अमृतासाठी देव-दानवांनी समुद्र घुसळला, आणि तेच अमरपण अश्वत्थाम्याच्या वाट्याला शाप म्हणून आलं. नर्मदा परिक्रमेहून परतलेली माणसं आजही सांगतात, की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. न मरणं हे वरदान की शिक्षा, हा प्रश्न आपल्याकडे अजून जिवंत आहे. बाहेरच्या पुराणकथा निवडताना मी हाच प्रश्न हातात धरते. जी संस्कृती त्याचं जे उत्तर देते, त्यावरून तिची कथा आपल्याला किती जवळची वाटेल ते बरंचसं ठरतं.

महाभारतावर ज्याचं मनापासून प्रेम आहे, त्याने होमर या ग्रीक कवीचं 'इलियड' घ्यावं. २४ सर्ग, पंधरा हजारांहून जास्त ओळी. तेव्हा महिनाभराची सवड हवी. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं, पण या काव्यात त्यातले शेवटाकडचे जेमतेम पन्नास-एक दिवस येतात. लाकडी घोडा यात नाही, ग्रीक वीर अकिलीसची टाचही नाही; त्या शोधत बसलात तर निराश व्हाल. दुसऱ्या सर्गात जहाजांची आणि सरदारांची लांबलचक यादी आहे. पहिल्या वाचनात ती खुशाल ओलांडा. अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात, आणि मग सहावा सर्ग त्यांना कधी भेटतच नाही. त्यात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर लढाईतून घडीभर घरी येतो, तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, आणि शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून ते पोर दाईच्या कुशीत तोंड लपवून रडायला लागतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलतो. हा माणूस परत येणार नाही, हे त्याच्या बायकोला मनातून ठाऊक आहे. पुढे २४व्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम, अकिलीसच्या ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचं चुंबन घेऊन त्याचं प्रेत मागतो. स्त्रीपर्व वाचून ज्याचा जीव गलबलला असेल, त्याला इथे परकं वाटणार नाही.

ग्रीकांचे देव मात्र आधी खटकतात. ते भांडतात, फसवतात, पक्षपात करतात. भक्ती करावी असं त्यांच्यात काही दिसत नाही. पण ते मरत नाहीत म्हणूनच त्यांचं सगळं हलकं वाटतं आणि माणसांचं जड. खुद्द देवांचा राजा झ्यूस याला आपला मर्त्य मुलगा सार्पीडॉन वाचवता येत नाही. तो फक्त जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो.

होमरचीच 'ओडिसी' त्याहून सोपी. ज्याला लढायांचा कंटाळा आहे त्याने आधी हीच वाचावी. धनुष्याला प्रत्यंचा चढवण्याचा पण आहे, वेश पालटून आलेला नवरा आहे; स्वयंवरांच्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाला वाट ओळखीची वाटते. आणि आपल्या प्रश्नाचं एक थेट उत्तर इथे आहे. कॅलिप्सो नावाची देवता ट्रॉयहून घरी परतणाऱ्या ओडिसियसला सात वर्षं बेटावर ठेवून घेते आणि म्हणते, माझ्याजवळ राहा, तुला अमर करते. तो कबूल करतो, की माझी बायको पेनेलपी तुझ्याइतकी सुंदर नाही, तिला मरण आहे. तरी मला घरीच जायचंय.

घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर सरळ उत्तरेकडे जा. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या देवांच्या कथा आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः आइसलँडमुळे. १२२०च्या सुमारास स्नॉरी स्टुर्लुसनने त्या गद्यात नीट सांगितल्या, आणि जुनी काव्यं तेराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात टिकली; या दोन्ही संग्रहांना 'एडा' म्हणतात. ते हस्तलिखित डॅनिश राजाकडे गेलं होतं, १९७१ साली आइसलँडला परत मिळालं. या कथा लिहिल्या गेल्या तोवर तो देश ख्रिस्ती होऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली होती. म्हणजे हे देव आपण त्यांना न पुजणाऱ्यांच्या तोंडून ऐकतो. वाचताना हे लक्षात असू द्यावं.

मुलांना पहिली गोष्ट सांगावी ती गडगडाटाचा देव थॉर याच्या चोरीला गेलेल्या हातोड्याची. राक्षस म्हणतो, फ्रेया देवी बायको म्हणून द्या, तर हातोडा देतो. मग थॉरच नवरी बनून, डोक्यावरून पदर घेऊन जातो आणि लग्नाच्या जेवणात एक अख्खा बैल नि आठ मासे फस्त करतो. करवली बनलेला खोडकर लोकी सावरून घेतो: बिचारीने लग्नाच्या ओढीने आठ रात्री काही खाल्लं नाही! माझ्या भाचीने ही गोष्ट एका बैठकीत तीनदा सांगायला लावली, आणि मग विचारलं, कीचकाला भीमाने असंच फसवलं ना?

मोठ्यांसाठी याच कथांना दुसरी बाजू आहे. इथे देवसुद्धा मरतात, आणि आपण मरणार हे त्यांना आधीपासून माहीत असतं. फेन्रिर लांडग्याला बांधताना टीर हा देव आपला हात त्याच्या जबड्यात ठेवतो, तो तुटणार हे जाणून. तोच लांडगा शेवटच्या युद्धात देवांचा प्रमुख ओडिन याला गिळतो. हे सगळं ठाऊक असूनही ओडिन सैन्य जमवत राहतो.

इजिप्तच्या कथांनी सुरुवात करू नका, इतकंच सांगते. ओसायरिस आणि आयसिसची सलग गोष्ट आपल्याला प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडूनच मिळते. मूळ साहित्यात ती स्तोत्रांत आणि मंत्रांत विखुरलेली आहे.

एकट्याने, शांतपणे, स्वतःसाठी वाचायचं असेल, तर माझं मत 'गिल्गमेश'ला, म्हणजे मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) प्राचीन महाकाव्याला. दोन संध्याकाळी पुरतात. इसवीसनपूर्व सातव्या शतकात निनेवे इथे अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात याच्या मातीच्या पाट्या होत्या. १८७२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने त्यातली प्रलयाची कथा वाचली आणि बायबलमधल्या नोहाची आठवण होऊन खळबळ उडाली. आपल्याला शतपथ ब्राह्मणातला मनू आणि त्याचा मासा आठवेल.

उरुकचा हा राजा दोन तृतीयांश देव आहे, तरी मर्त्य. मित्र एन्किदू मरतो तेव्हा तो सहा दिवस आणि सात रात्री प्रेत सोडत नाही, त्याच्या नाकातून किडा पडेपर्यंत. मग मरणाला घाबरून रानोमाळ हिंडत निघतो. नचिकेत्याला यमाने निदान उत्तर दिलं. गिल्गमेशला सांगितलं जातं, की अमर व्हायचं तर आधी सात रात्री जागून दाखव. आणि तो बसल्याजागी झोपी जातो. शेवटी तारुण्य परत देणारी वनस्पती त्याच्या हाती लागते, ती तो आंघोळीला उतरला असताना साप पळवतो.

घेताना एवढं बघा, की तुटलेल्या ओळी जिथे आहेत तिथे जागा मोकळी सोडणारं भाषांतर मिळतं का. गाळलेल्या जागा भरून गोडगोड केलेली आवृत्ती घेऊ नका. पाट्या १२ आहेत, पण पहिल्या वाचनात अकराव्या पाटीला थांबा; बाराव्या पाटीत एन्किदू पुन्हा जिवंत दिसतो आणि गोंधळ होतो. अकराव्याच्या अखेरीस गिल्गमेश रिकाम्या हातांनी उरुकला पोचतो आणि सोबतच्या नावाड्याला म्हणतो, तटावर चढ, फिरून बघ, या विटा कशा भाजल्यात ते पाहा.