लाईन सरळ करायची हत्यारं: पहार, ट्रॅलिस जॅक, जिम क्रो, वापरून सांगतोय

आमचं काम प्रायव्हेट सायडिंगचं, चंद्रपूर भागात. कोळशाच्या आणि सिमेंटच्या वॅगन जिथे आत येतात ती लाईन कंपनीची असते, तिची देखभाल कॉन्ट्रॅक्टवर जाते आणि हत्यारं आपली आपल्याला विकत घ्यावी लागतात. मेनलाईनवर टॅम्पिंग मशीन येऊन लाईन उचलून, सरकवून, स्लीपरखाली खडी ठासून म्हणजे पॅक करून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या सायडिंगसाठी ते मशीन कोण आणणार, त्यामुळे इथे अजून गँग आणि हाताची हत्यारं यांच्यावरच सगळं चालतं. नवीन लोक नेहमी विचारतात की लाईन स्लू करायला, म्हणजे बाजूला सरकवून सरळ करायला, काय घेऊ, दुकानदार तर भली मोठी यादी हातात देतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी वजन किती सरकवायचंय ते बघा. 52 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 52 किलो, 13 मीटरच्या एका जोडीचेच साडेतेराशे किलो झाले. खाली काँक्रीटचे स्लीपर, एकेक पावणेतीनशे किलोच्या आसपास, आणि 60 सेंटीमीटरला एक धरला तर 13 मीटरमध्ये बावीसेक. सगळं मिळून साडेसात टनाच्या आसपास जातं आणि हे सगळं खडीत रुतून बसलेलं असतं. त्यामुळे जोर कुठे आणि कसा लागतो हे ज्या हत्यारात नीट जमलेलं नाही ते माणसांची कंबर मोडतं.

पहार. स्वस्त, दणकट, आणि 10-15 मिमी सरकवायचं असेल तर आजही माझ्या मते पहिली पसंती. 32 मिमी गोल सळईची पाच फुटी पहार साडेनऊ किलोच्या आसपास भरते, त्याच्यापेक्षा जड घेऊ नका, दिवसभर उचलायची असते ती. बाजारात 25 मिमीची पण मिळते, हलकी म्हणून पोरं तीच उचलतात पण जोर दिला की वाकते आणि एकदा वाकलेली पहार सरळ केली तरी पुन्हा तिथेच वाकते. आम्ही नुसती सळई आणून गावातल्या लोहाराकडून टोक काढून घेतो, तो भट्टीत लाल करून ठोकतो आणि पाणी देतो. पाणी जास्त झालं तर टोक खडीवर तुकडा उडवतं, कमी झालं तर आठवड्यात बोथट. चांगला लोहार असेल तर सोडू नका त्याला, दुकानातल्या तयार पहारीपेक्षा त्याची कितीतरी बरी.

पण पहार वापरायची कशी हे बघितल्याशिवाय तिला चांगली-वाईट म्हणण्यात अर्थ नाही. टोक रुळाच्या अलीकडे खडीत खोल रोवायचं, पहार रुळाच्या पायाला टेकवायची आणि वरून ढकलायचं. टोक जागेवर राहतं, मध्ये रूळ, वर हात, म्हणजे माणसाचा जोर साधारण चार-साडेचार पट होऊन रुळाला लागतो. आता इथेच गडबड होते. रेल्वेच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की पहार उभ्या रेषेपासून 30 अंशांपेक्षा जास्त कलती नको, आणि ते उगाच नाही लिहिलेलं. पहार आडवी व्हायला लागली की ती रुळाच्या खाली शिरते आणि ढकलण्याऐवजी उचलते, लाईन उचलली की खडी स्लीपरखाली घुसते, मग बघायला लाईन सरळ दिसते पण लेव्हल गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी तेच स्लीपर पुन्हा उघडून पॅक करत बसावं लागतं. गँगमधल्या एकाने जरी पहार आडवी धरली तरी हे होतं, म्हणून मुकादमाने रुळाकडे बघायच्या आधी पहारींकडे बघायचं.

आणि पाय. पहारीच्या दोन्ही बाजूला पाय टाकून कुणी उभा राहिला तर त्याला तिथल्या तिथे बाजूला काढा. टोक सुटलं की पहार कुठे जाते ते सांगायला नको.

सात-आठ जण ओळीत, सगळ्यांच्या पहारी एकाच बाजूने, दोन्ही रुळांना निम्मे-निम्मे. मुकादम लांब, साधारण चार रूळ सोडून, रुळावर वाकून एक डोळा मिटून बघतो आणि हाताने सांगतो, डावीकडे, अजून, बस. जोर सगळ्यांचा एकाच क्षणाला पडला तरच लाईन हलते, म्हणून ती हाक असते, एकजण हाक देतो आणि बाकीचे हैशा म्हणतात. सात जणांनी आपापल्या वेळेला सात झटके दिले तर साडेसात टनाला काही कळतसुद्धा नाही. अमेरिकेत पूर्वी हेच काम करणाऱ्या टोळ्यांना गँडी डान्सर म्हणायचे, त्यांच्यातही एक जण गाणं म्हणायचा आणि बाकीचे त्या तालावर पहार मारायचे. साहेब लोकांना तो आरडाओरडा वाटतो, पण हत्याराचा अर्धा जोर त्या हाकेत असतो हे मी मनापासून सांगतो.

एक गोष्ट पहारीच्या कामात सगळे विसरतात. जिकडे लाईन न्यायची त्या बाजूच्या स्लीपरच्या टोकाची खडी आधी पंज्याने मोकळी करा. ती तशीच दाबलेली ठेवून ढकलत बसलात तर लाईन हलते आणि सोडल्यावर परत येते. मोकळी केली तरी थोडी परत येतेच, म्हणून दोन-तीन मिमी जास्तच सरकवायचं, आणि झालं की खडी लगेच भरून ठोकायची, चहा नंतर.

आता जॅक. 40-50 मिमी सरकवायचं असेल, किंवा गँगमध्ये माणसंच चार उरली असतील (आणि हल्ली बहुतेक ठिकाणी हीच रड आहे) तर हायड्रॉलिकशिवाय पर्याय नाही. ट्रॅलिस म्हणतात ते घ्या, लाईन उचलणारं आणि बाजूला सरकवणारं एकच यंत्र, दोन स्लीपरमधली खडी काढून रुळाच्या खाली बसवायचं, हँडलने पंप मारायचा, आधी थोडं उचलतं मग आडवं ढकलतं. आम्ही दोन वापरतो, दोन्ही रुळांखाली एकेक, दोन माणसं पंपावर, एक बघायला, एक खडीला. जे काम आठ जण घाम गाळून करायचे ते चार जण बोलत-बोलत करतात. सरकणं पण सावकाश आणि मोजून होतं, पहारीसारखा झटका बसत नाही, त्यामुळे 3 मिमी म्हणजे 3 मिमी.

घेताना एकच शब्द पक्का धरा, नॉन-इन्फ्रिंजिंग. म्हणजे जॅक बसवल्यावर त्याचा कुठलाच भाग गाडीच्या वाटेत येत नाही. जुने दातेरी जॅक अजून भंगारवाल्याकडे आणि काही दुकानांत मिळतात, उभे राहतात आणि डोकं रुळाच्या वर काढतात, दणकट आहेत, स्वस्त आहेत, आणि मी ते फुकट दिले तरी घेणार नाही. सायडिंगवर शंटिंग कधी सुरू होईल याचा भरवसा नसतो, ब्लॉक घेतलेला, म्हणजे कामासाठी लाईन बंद ठेवलेली, असली तरी कुणीतरी वॅगन ढकलून देतं, आणि तेव्हा रुळाला अडकलेला जॅक सोडवायला माणूस वाकतो. तो वाकलेला माणूस आपल्या गँगमधला असतो. नॉन-इन्फ्रिंजिंग असला तरी प्रेशर दाबून ठेवून बाजूला जायचं नाही, सोडायचंच, कारण रूळ अधांतरी उचललेला असतो, पण निदान इंजिनाला आपटायला लोखंड वर उभं नसतं. रिलीज व्हॉल्व्ह एका हाताने, हातमोजा घालून, पटकन फिरतो का ते दुकानातच बघून घ्या.

आमच्या हातात आधी एक स्वस्तातला जोड आला होता, कुणाचा ते लिहीत नाही. हिवाळ्यात छान चालला. उन्हाळा लागला तसं तेल पातळ झालं आणि सील गळायला लागलं, पंप मारून रूळ उचलायचा आणि बघता-बघता तो खाली बसायचा, लोड धरतच नव्हता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे धूळ गेली असेल. अरे, कोळशाच्या सायडिंगवर धूळ नाही जाणार तर काय जाणार! ज्या जॅकच्या पिस्टनवर वायपर सील (धूळ पुसून बाहेर ठेवणारं) नाही तो आमच्याकडच्या धुळीत टिकत नाही, हे आता मी कुणालाही छातीठोक सांगतो. टेस्ट सोपी आहे, लोडखाली उचला, रुळाच्या खाली पट्टी धरून खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. खूण हलली तर परत करा.

वजन पण बघा. कॅटलॉगमध्ये टनाचे आकडे मोठे असतात, पण तो जॅक खडीवरून उचलून नेणारा माणूस एकच असतो. दोन्ही बाजूंना हँडल असलेलाच घ्या.

जिम क्रो हे हत्यार खूप कमी जणांकडे असतं आणि सायडिंगवाल्यांना त्याची खरी गरज असते. आपल्याकडे अजून फिशप्लेटचे जोड आहेत, म्हणजे रुळांची टोकं पट्ट्या आणि बोल्टने जोडलेली, आणि वळणावर जोडाच्या जागी रुळाची टोकं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे तिथे कोपरा बाहेर येतो. हा कोपरा कितीही वेळा स्लू करा, पंधरा दिवसांत परत येतो, कारण दोष लाईनच्या जागेत नसतो, रुळाच्या वाकात असतो. जिम क्रो म्हणजे दोन आकड्यांनी रूळ धरायचा आणि मधल्या स्क्रूने दाबून वाक द्यायचा. जड आहे, हळू आहे, स्क्रूला ग्रीस लावलं नाही तर हलत नाही, पण एकदा वाक बसला की बसला. थोडं-थोडं दाबा, सोडा, पट्टी लावून बघा. रोज लागत नाही, त्यामुळे दोन-तीन कॉन्ट्रॅक्टरनी मिळून एक घेतला तरी चालेल.

आणि ज्याचे पैसे जवळजवळ लागतच नाहीत ते सगळ्यात महत्त्वाचं, दोरी आणि पट्टी. सरळ लाईन डोळ्याने दिसते, वळण नाही दिसत. वळणावर बाहेरच्या रुळाला 20 मीटरची दोरी लावायची, मध्यावर दोरी ते रूळ अंतर मोजायचं, 10 मीटरवर पुढे सरकायचं, पुन्हा मोजायचं. तो व्हर्साइन. 50,000 ला त्रिज्येने भागलं की मिमीमध्ये येतो, म्हणजे 1750 मीटर त्रिज्येच्या 1 डिग्री वळणाला साडेअठ्ठावीस मिमी. घाईत असाल तर 11.8 मीटरची दोरी लावा, जितके सेंटीमीटर तितक्या डिग्री. आकडे एकसारखे आले तर वळण चांगलं, वर-खाली उड्या मारत असतील तर काम आहे. आणि हे डोक्यात ठेवा की एका जागी लाईन 10 मिमी बाहेर काढली की तिथला व्हर्साइन 10 ने वाढतो पण शेजारच्या दोन्ही जागांचा 5-5 ने कमी होतो. हे न समजता जिथे वाईट दिसलं तिथे ढकललं तर खोट पुढे-पुढे सरकत जाते, आणि मग चांगल्यातल्या चांगल्या जॅकला शिव्या बसतात. दोरी नायलॉनची बारीक घ्या, सुती दोरी ओली झाली की ताण बदलतो. वारा असेल तेव्हा मोजू नका.

गेज-लेव्हल पट्टी पण लागतेच, लाईन सरकवल्यावर 1676 मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) आणि क्रॉस लेव्हल (दोन्ही रुळांच्या उंचीतला फरक) दोन्ही बघायचं असतं. दुकानात घेताना पट्टी रुळावर ठेवा, बुडबुडा कुठे आहे बघा, मग पट्टी उलटी फिरवून त्याच जागी ठेवा, आधी उंच रुळाकडे जितका सरकला होता तितकाच त्याच रुळाकडे सरकला पाहिजे. नाही सरकला तर पट्टीच खोटी. आणि इन्सुलेटेड घ्या, स्टेशनजवळच्या भागात ट्रॅक सर्किट असतं, दोन्ही रुळांना लोखंड एकदम टेकलं की लाईनवर गाडी उभी आहे असं सर्किट समजतं आणि सिग्नल लाल होतो. स्टीलचा टेप आडवा टाकला तरी तेच होतं.

उन्हाचं पण सांगून ठेवतो कारण त्यात हत्याराचा दोष काढता येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रूळ हाताला चटका देतो, आतून दाबाखाली असतो, अशा वेळी खडी मोकळी करून लाईन हलवली तर ती जागेवर राहायच्या ऐवजी बाजूला फुगू शकते. रेल थर्मामीटर घ्या, स्वस्त आहे, आणि हे काम सकाळी उजाडल्या-उजाडल्या करा. सकाळी रुळावरून नजर पण नीट जाते, दुपारी वाफा हलत असतात आणि सरळ लाईन पण वाकडी दिसते. लांब वेल्डेड रूळ असतील तर तापमानाच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आहेत, त्या पाळायच्याच, आणि सलग 30 गाळ्यांपेक्षा (दोन स्लीपरमधली जागा म्हणजे एक गाळा) जास्त खडी एकदम उघडायची नाही.

तर सायडिंगवर नवीन गँग उभी करत असाल तर आठ पहारी, दोन ट्रॅलिस, एक इन्सुलेटेड गेज-लेव्हल, दोरी, थर्मामीटर, एवढं आधी घ्या, जिम क्रो मागून भागवा. पैसे कमी पडले तर पहारी चार करा पण जॅक स्वस्तातला घेऊ नका. आणि जॅक मागवतानाच त्याचं सील किट आणि हायड्रॉलिक तेलाचा एक डबा सोबत मागवा, त्याच बिलात लिहून घ्या, कारण नंतर किट वेगळं मागितलं की मॉडेल बदललं म्हणून सांगतात आणि जॅक शेडमध्ये पडून राहतो.