आयस्पेक: म्हाताऱ्या ताऱ्यांमधलं लोखंड घरच्या लॅपटॉपवर मोजायचंय? हे घ्या

एमएस्सीच्या प्रोजेक्टवाली मुलं सारखी विचारतात की ताऱ्याच्या स्पेक्ट्रमवरून (प्रकाशाच्या वर्णपटावरून) केमिकल अबंडन्स, म्हणजे कुठलं मूलद्रव्य किती आहे ते, काढायला कुठलं सॉफ्टवेअर बरं, तर माझं उत्तर एकच, आयस्पेक. सर्जी ब्लांको-क्वारेस्मा यांनी बनवलंय, २०१४ ला पेपर आला, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पायथनमध्ये आहे पण आतून मूग, टर्बोस्पेक्ट्रम, सिंथे असे स्पेक्ट्रमचं गणित करणारे जुने मुरलेले कोड तेच चालवतं, त्यामुळे त्यांच्या इनपुट फायली हाताने लिहीत बसायची कटकटच संपली.

आणि डेटा पण आयता मिळतो हो! गाया बेंचमार्क ताऱ्यांची (गाया या युरोपियन अंतराळ दुर्बिणीची मापं ताडून बघायला धरलेल्या संदर्भ ताऱ्यांची) लायब्ररी त्याच माणसाने टाकलीय, तरंगलांबी ४८०० ते ६८०० अँगस्ट्रॉम, स्वच्छ हाय रिझोल्यूशन स्पेक्ट्रा. त्यातला एचडी १४०२८३ उघडाच. तूळ राशीतला, आपल्यापासून साधारण २०० प्रकाशवर्षांवर, बायनॉक्युलरमधून दिसेल एवढा तेजस्वी, आणि लोखंड सूर्याच्या दोन-तीनशेव्या हिश्श्याएवढंच, म्हणजे फार जुना तारा. आधी सूर्याचा स्पेक्ट्रम लावा आणि ५१७० च्या आसपास झूम करा, लाइनींची (मूलद्रव्यांनी प्रकाश शोषल्याने पडलेल्या रेघांची) नुसती खेचाखेच. मग हा लावा. मॅग्नेशियमच्या तीन लाइनी सुट्या सुट्या उभ्या, मधे लोखंडाच्या बारीक रेघा, बाकी सपाट. १९५१ मध्ये चेंबरलेन आणि अ‍ॅलर यांनी याच ताऱ्यात धातू कमी असल्याचं दाखवलं होतं, ते आता आपल्या स्क्रीनवर दिसतं, मला तर अजूनही भारी वाटतं. पुढे ६७०८ ला जा, लिथियमची छोटीशी लाइन आहे, ५० मिलीअँगस्ट्रॉमच्या आतली. अशाच ताऱ्यांवरून स्पाइट दांपत्याने १९८२ मध्ये लिथियमचा पठारी आकडा (सगळ्यांत जवळपास सारखाच) दाखवला, आणि महास्फोटाच्या गणितातून येणारं लिथियम त्याच्या तिपटीच्या आसपास निघतं, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आता जिथे सांभाळायचं ते सांगतो. तापमान, लॉग जी (पृष्ठभागावरच्या गुरुत्वाकर्षणाचा लॉग), मेटॅलिसिटी (धातूंचं प्रमाण) सगळं एकदम फिट करायला सोडू नका, जुन्या ताऱ्यात लाइनीच मोजक्या असतात मग एकाची चूक दुसऱ्यात मुरते आणि फिट दिसायला छान दिसतो. गायाच्या अंतरावरून लॉग जी काढा आणि तो फिक्स करा. तापमानाचं तर विचारूच नका, याच ताऱ्याला २०१५ च्या बेंचमार्क यादीत ५५२२ केल्विन आहे आणि २०१८ च्या इंटरफेरोमेट्रीत (अनेक दुर्बिणी जोडून ताऱ्याचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) ५७८७, आणि १०० केल्विन इकडेतिकडे झालं की न्यूट्रल लोखंडाचा (इलेक्ट्रॉन न गमावलेल्या अणूंचा) आकडा जवळपास ०.१ डेक्सने, म्हणजे लॉगच्या मापात ०.१ ने, सरकतो. म्हणून रिपोर्टमध्ये कुठलं तापमान धरलं ते लिहाच, नुसता अबंडन्सचा आकडा बघून कोणाला काय कळणार.

दुसरं म्हणजे एलटीई, म्हणजे वातावरणात प्रत्येक ठिकाणी अणूंची अवस्था तिथल्या तापमानावरूनच ठरते असं धरणं. मूगचं सगळं गणित एलटीई धरून चालतं. जुन्या ताऱ्याच्या वातावरणात धातू कमी, म्हणून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश अडत नाही आणि तो न्यूट्रल लोखंडाचे इलेक्ट्रॉन उडवतो, वर मोकळे इलेक्ट्रॉन कमी म्हणजे टकराही कमी, मग न्यूट्रल लाइनींवरून लोखंड खऱ्यापेक्षा कमी येतं. आयनवाल्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या) लाइनींना हा त्रास जवळपास नाही. त्यामुळे दोन्हींचे आकडे जुळावेत म्हणून लॉग जी ओढूनताणून बदलत बसू नका, फरक खरा असू शकतो.

कंटिन्युअम (लाइनी नसत्या तर दिसली असती ती प्रकाशाची सलग पातळी) पण डोळ्याने तपासा, मॅग्नेशियम आणि हायड्रोजनच्या रुंद पंखांवर ऑटोमॅटिक रेघ सहज खाली बसते.

इन्स्टॉल करायला लिनक्स किंवा मॅक बरं, फोरट्रान कंपायलर लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याने सीनियरला शेजारी बसवावं. माझ्याकडून ५ पैकी ४.५. बेरियमपर्यंतचं काम या लायब्ररीत होतं, युरोपियमची ४१२९ ची लाइन हवी असेल तर ईएसओच्या (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या) अर्काइव्हमधून यूव्हीईएस या त्यांच्या स्पेक्ट्रोग्राफचे निळ्या बाजूचे स्पेक्ट्रा उतरवा, तेही फुकटच आहेत.