कोकण किनाऱ्याने गोव्याकडे: महामार्गावरून उतरत जावं, की खाड्या ओलांडत?

मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी काढून, वाटेत चार-पाच मुक्काम करत मालवण किंवा गोव्यापर्यंत जायचं ठरलं, की पहिला प्रश्न रस्त्याचाच येतो. एक तर ६६ नंबरचा महामार्ग धरायचा आणि जिथे समुद्र बघायचा असेल तिथे फाट्यावरून खाली उतरायचं. नाहीतर रेवस-रेडी सागरी मार्ग धरून, आड येणाऱ्या खाड्या जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, पार करत किनाऱ्याकिनाऱ्यानेच खाली सरकायचं. मी दोन्ही प्रकारे गेलो आहे, घरच्यांना घेऊन आणि एकटाही. कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण महामार्गाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते आधी सांगितलं पाहिजे.

महामार्ग आता पूर्वीचा राहिलेला नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा अंगावर येणारा टप्पा सोपा झाला आणि खारेपाटणच्या पुढे झारापपर्यंत तर गाडी सरळ पळते. माणगावची कोंडी आणि रत्नागिरी जिल्ह्यातले रखडलेले पट्टे सोडले, तर दिवसभरात किती अंतर कापलं जाईल याचा अंदाज बांधता येतो. पंप आहेत, गॅरेज आहेत, रात्री अकराला चहा मिळतो. बरोबर सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर तासाभराच्या आत बऱ्यापैकी दवाखाना गाठता येईल, हा दिलासा छोटा नाही. गणपतीच्या आधीचे चार दिवस वगळून कधीही निघा.

अडचण सुरू होते ती फाट्यांवर. हा महामार्ग समुद्राच्या जवळून जातच नाही. सह्याद्री आणि किनारा यांच्या मधल्या पट्ट्यातून जातो, त्यामुळे प्रत्येक किनारा एकेका फांदीच्या टोकाला लटकलेला. खेडहून दापोली साधारण ३० किलोमीटर आणि हर्णै-मुरूड त्याच्याही पुढे. चिपळूणहून गुहागर ४५ च्या आसपास. निवळी फाट्यावरून गणपतीपुळे ३५, नांदगाव तिठ्यावरून देवगड ४० च्या घरात, कसालहून मालवण तीसच्या वर. नुसते दापोली, गुहागर आणि देवगड धरले तरी जाऊन-येऊन २३० किलोमीटर होतात, आणि त्यातला निम्मा रस्ता आपण आधीच बघितलेला असतो. तीच वळणं, तेच चढ, मागच्या सीटवर त्याच वळणाला पुन्हा मळमळणारी मुलं.

किलोमीटरचंही एक वेळ सोसता येतं. मला सोसलं नाही ते संध्याकाळचं. महामार्गाच्या बेतात मुक्काम बहुधा चिपळूण, हातखंबा, कणकवली अशा ठिकाणी सोयीचा पडतो, कारण दुसऱ्या दिवशी पुढे निघायचं असतं. म्हणजे किनाऱ्यावर पोहोचायचं दुपारी तीन-साडेतीनला, वाळू तापलेली असताना. आणि साडेपाचला, ऊन उतरून वारा सुटायला लागला, मुलं पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत, बायको नुकती कुठे सुरूच्या सावलीत टेकली आहे, तेव्हा आपण घड्याळ बघून म्हणायचं, "चला, अंधाराच्या आत घाट चढायचाय." गुहागरला हे झालं, देवगडला झालं. ज्या घटकेसाठी एवढं लांब आलो तीच घटका परतीची वेळ ठरते. मुक्काम खाली किनाऱ्यावर केला तर संध्याकाळ वाचते हे खरं, पण मग दुसऱ्या दिवशीची सकाळ वर चढण्यात जाते आणि पुढच्या फाट्याला पुन्हा तेच. या एका गोष्टीमुळे माझा निर्णय झाला. बाकी सगळे मुद्दे मी नंतर जमवलेले आहेत.

किनाऱ्याने जाताना परत फिरणं जवळजवळ नाहीच. संध्याकाळी जिथे थांबलो तिथून सकाळी पुढेच निघायचं असतं. दिवेआगरला रात्र काढली की सकाळी शेखाडी-आरावीवरून श्रीवर्धन. हा तुकडा समुद्राला इतका खेटून जातो, की पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ असताना तिथे वीस मिनिटांच्या रस्त्याला सहज तास लागतो. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याला खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी. केळशीहून आडे-पाडल्यावरून आंजर्ल्याला जाणारा रस्ताही असाच. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या देवळाजवळून खाली सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव असतो. तो बघायला मुद्दाम जायची गरज नाही, तो वाटेतच आहे. हे "वाटेतच आहे" किनाऱ्याच्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा म्हणता येतं: वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक, आरे-वारे, पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. महामार्गाच्या बेतात यातली निम्मी नावं यादीतसुद्धा येत नाहीत, कारण त्यांच्यासाठी वेगळी फांदी उतरायला कुणी तयार नसतं.

आता या रस्त्याचे दोष. 'सागरी महामार्ग' या नावावर जाऊ नका. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची ही कल्पना अजून पूर्ण उतरलेली नाही. मोठ्या खाड्यांवरचे पूल व्हायचे आहेत, रस्ता कुठे दुपदरी तर कुठे इतका अरुंद, की समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे घ्यायचं, आणि ते बहुधा आपणच. शिवाय तो सतत समुद्राकाठून जात नाही. खाडीपाशी उतरतो, मग वर सड्यावर चढतो. जांभ्या दगडाचं उघडं माळरान, कातळ, मधूनच हापूसची कलमं, आणि पुन्हा उतार. मला हा चढउतार आवडतो. ज्यांना फक्त निळं पाणी बघत जायचं आहे त्यांची मात्र थोडी निराशा होईल. वेगाचं म्हणाल तर तासाला तीसच्या वर हिशेब धरू नये. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे.

लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती जंगलजेट्टीची. गाडी बोटीत चढवायची या कल्पनेनेच काहीजण बेत सोडून देतात. अलिबागकडून रत्नागिरीपर्यंत येताना अशा चार खाड्या लागतात: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. (मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घेतली तर ती पाचवी.) बोटीतला वेळ दहा ते वीस मिनिटांचा. खलाशी हाताने खुणा करून गाडी अशी बसवून देतात, की नवख्यालाही अडचण येऊ नये. मुलांसाठी तर अख्ख्या प्रवासातला हा सगळ्यात लाडका भाग ठरतो. उतरून कठड्याशी उभं राहावं. खाडीच्या तोंडाशी एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र, असं दृश्य रस्त्यावरून कधी मिळत नाही.

फेऱ्या ठरावीक अंतराने असतात. एखादी चुकली तर पाऊण-एक तास थांबावं लागतं, आणि शनिवार-रविवारी किंवा नाताळच्या सुट्टीत गाड्यांची रांग लागते. मला हे थांबणं फारसं खुपलं नाही. दाभोळला त्या वेळात आदिलशाही काळातली मशीद बघून होते. तुमचा स्वभाव वेगळा असेल तर हा मुद्दा माझ्यापेक्षा तुमच्यासाठी जड असू शकतो. दोन गोष्टी मात्र पाळा. शेवटची बोट किती वाजता आहे हे त्याच दिवशी स्थानिकांना विचारून घ्या. आणि बोट बंद असेल तर पर्याय काय, हे आधी बघून ठेवा. तवसाळची बोट नसेल तर भातगावच्या पुलावरून रत्नागिरीकडे जाता येतं. पण दाभोळची चुकली तर गुहागर गाठायला दापोली-खेड-चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. रत्नागिरीच्या खाली ही चिंता संपते. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, पुढे आचरा, कर्ली, सगळीकडे पूल आहेत.

फोनवरच्या नकाशाचं एक सांगायला हवं. शेवटचं ठिकाण टाकलंत की तो तुम्हाला हटकून महामार्गावर नेऊन घालतो. तेव्हा एका वेळी पुढचंच गाव टाका, केळशी, मग आंजर्ले, मग दाभोळ धक्का. आणि टाकी अर्धी झाली की भरून घ्या. पंप तालुक्याच्या गावी आहेत, मधल्या गावांचा भरवसा नको.

जेवणाच्या बाबतीत तुलना थोडी अन्यायाची होईल. महामार्गावर भूक लागली की हॉटेल समोर असतं, आणि पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत थाळी साधारण एकाच चवीची. किनाऱ्यावर घरगुती खानावळी आहेत, पण तिथे सकाळी फोन करून माणसं किती ते सांगावं लागतं, नाहीतर दुपारी दीडला "आज जेवण संपलं" ऐकून बिस्किटांवर भागवायचं. सांगितलं असेल तर मात्र केळशी-गुहागरकडे फणसाची भाजी, बिरड्याची उसळ, उकडीचे मोदक. आणि मालवणकडे सरकत जाल तसतसं ताटातलं तिखट आणि नारळ बदलत गेलेला जिभेला कळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासे हा तुमच्या सहलीचा मुख्य हेतू असेल तर ते दोन महिने टाळाच.

समुद्राचं वेळापत्रक आधी बघून ठेवलं तर किनाऱ्याचा रस्ता आणखी लाभतो. हरिहरेश्वरची समुद्रालगतच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा ओहोटीलाच होते. भरतीला त्या खडकांवर उतरणं जिवावर बेतू शकतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून दुपारी बारा-एकला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. मुक्कामाच्या तारखा ठरवताना मी कॅलेंडरात तिथी बघतो त्या एवढ्यासाठीच. हेदवीच्या बामणघळीचं, म्हणजे भरतीचं पाणी जिच्यातून उंच उसळतं त्या कातळातल्या अरुंद घळीचं, उलट आहे; तिथे भरतीला जावं, पण कड्यापासून लांब उभं राहून बघावं.

कुणी काय घ्यावं, याबद्दल माझं मत असं. हातात तीनच दिवस असतील आणि मालवणला पोहोचायचंच असेल, तर निमूटपणे महामार्ग. ज्यांना गाडी लागते किंवा ज्यांची पाठ दुखते अशी माणसं बरोबर असतील तरी महामार्गच, पण मग एकच किनारा निवडा आणि तिथे दोन रात्री राहा, म्हणजे निदान एक संध्याकाळ पूर्ण मिळेल. भर पावसाळ्यात सडे हिरवेगार असतात आणि मोह होतो, पण हवा बिघडली की बोटी थांबतात. तेव्हाही महामार्ग जवळ असलेला बरा. पाच दिवस किंवा त्याहून जास्त असतील आणि ऑक्टोबर ते मे यातला महिना असेल, तर मला विचाराल तर दुसरा विचारच करू नका, किनाऱ्याने जा.

किनारा अख्खा एका दमात करायलाच हवा असंही नाही. पुणेकरांनी ताम्हिणीने माणगाव, तिथून म्हसळ्यावरून दिवेआगर किंवा श्रीवर्धन गाठावं आणि तिथून खाली निघावं; अलिबाग-मुरूडचा गर्दीचा पट्टा आपोआप टळतो. कोल्हापूरकडच्यांनी आंबा घाटाने रत्नागिरीला उतरून फक्त दक्षिणेचा भाग करावा. पावस, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर, आचरा, मालवण. या भागात बोट एकही नाही आणि माणसंही कमी. ज्यांना जंगलजेट्टीची भीती वाटते त्यांनीही पहिल्यांदा हाच तुकडा करून बघावा. विजयदुर्ग ते मालवण या पट्ट्यात दोन मुक्काम ठेवा, एक कुणकेश्वरजवळ ठेवला तर देवळामागे समुद्र आणि पहाटेची घंटा दोन्ही मिळतात.

परतताना मात्र मी महामार्गच धरतो. बघायचं सगळं बघून झालेलं असतं, घरी पोहोचायची घाई असते, आणि त्यासाठी तो रस्ता उत्तम आहे. मालवणहून कसाल किंवा कुडाळला वर चढावं आणि सकाळी लवकर निघावं, म्हणजे माणगाव अंधाराच्या आत मागे पडतं. गोव्यात जायचं असेल तर वेंगुर्ला, शिरोडा करत आरोंद्यावरून किरणपाणीच्या पुलाने पेडण्याला निघा, नाहीतर रेडीवरून तेरेखोलला जाऊन केरीची फेरीबोट घ्या. आधीच्या चार खाड्या ओलांडल्या असतील तर ही शेवटची सोडू नका.